ताडोबाचा फाटा सोडून

वरोऱ्याच्या पुढे लागलो की वाघ दिसू लागतो. फलकांवर, रिसॉर्टच्या कमानींवर, चौकातल्या पुतळ्यांत, चहाच्या टपरीच्या नावातसुद्धा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आता चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला दुसरे काही आठवत नाही. लोक येतात, दोन सफाऱ्या करतात, परत जातात. बफर धरूनही प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे सतराशे चौरस किलोमीटर आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मिळून पंचवीस हजारांच्या वर जातात. उरलेल्या एवढ्या मोठ्या मुलखाकडे पाहायला कोणी थांबत नाही, याचे मला फार दिवसांपासून वाईट वाटत होते. म्हणून यंदाच्या चैत्रात गाडी काढली, ताडोबाचा प्रत्येक फाटा सोडून दिला आणि चंद्रपूरपासून थेट सिरोंच्यापर्यंत रस्त्याकाठी जे भेटेल त्यापाशी थांबत गेले. सोबतीला कोणी नव्हते.

चैत्र का, असे बऱ्याच जणांनी विचारले. या भागात चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात तो ४७-४८ अंशांपर्यंत जातो. सागाची पाने गळून गेलेली, नाल्यांत नुसती वाळू, दुपारच्या डांबरावर मृगजळ. हिरव्या जंगलाची कल्पना घेऊन आलेल्या माणसाला हे वाळवंट वाटेल. पण याच दिवसांत मोह गळतो. पहाटे पाचला निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहाच्या झाडांखाली बायका आणि मुले टोपल्या घेऊन वाकलेली दिसतात. फुले रात्री आणि पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, आणि तीच आग कधी कधी जंगलात पसरते. वनखाते गावोगाव समजावत असते, तरी उन्हाळ्यात डोंगरावर रात्री वणव्याच्या रेघा दिसतातच. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. वाळली की मनुकांसारखी दिसतात आणि त्यांचा गोड, जड वास सगळ्या गावाला लागतो. मोह संपतो न संपतो तोच मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. येथल्या कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा या दोन हंगामांतच दिसतो.

चंद्रपुरात मी आले तेव्हा महाकालीची यात्रा भरात होती. चैत्रात भरणाऱ्या या यात्रेला नांदेडकडून आणि तेलंगणातून भाविकांचे जथे येतात. झरपट नदीच्या काठावर त्यांच्या चुली पेटलेल्या होत्या. गोंड राजांचे हे शहर अजून परकोटाच्या आत-बाहेर असेच ओळखले जाते. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही चार दरवाजांची नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी पत्त्यासारखी असतात. किल्ला पाहून झाल्यावर मी लालपेठेकडे वळले. तिथे जे आहे ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

वस्तीच्या मधोमध, उघड्या जागेवर, प्रचंड मूर्ती आडव्या-उभ्या पडल्या आहेत. एकेक मूर्ती एका अखंड शिळेची. गणपती, नंदी, हनुमान, मत्स्य, कूर्म, शिवलिंग. सर्वांत मोठी दहा तोंडांची दुर्गा, सुमारे पंचवीस फूट लांब, पाठीवर आभाळाकडे तोंड करून निजलेली. दहा तोंडे पाहून लोकांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या रावणच मानले. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने अजस्र शिवमंदिर बांधायचे ठरवले, मूर्ती घडवून घेतल्या आणि मंदिर उभे राहण्याआधीच तो गेला, अशी हकीकत सांगतात. जागेचे नावही ‘अपूर्ण देवालय’. मी पोहोचले तेव्हा दुर्गेच्या पायाशी दोन मुले गोट्या खेळत होती आणि एक आजी सावलीला बसून चिंचा फोडत होती. ‘एकट्याच आल्या का जी?’ तिने विचारले. पुढच्या साऱ्या वाटेवर हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळाला, आणि त्यात संशय कुठेच नव्हता. उत्तर दिले की मागोमाग पाण्याचा तांब्या यायचा.

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात पिंपळाचे एक झाड आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना येथे फाशी देण्यात आले. गोंड तरुणांचे जंगोम दल उभारून ब्रिटिशांशी लढलेला हा जमीनदार तेव्हा पंचविशीत होता. पुढे अहेरी-आलापल्लीपर्यंत चौकाचौकांत त्याचा पुतळा किंवा तसबीर भेटत राहते, म्हणून त्याची ओळख चंद्रपुरातच करून घेतलेली बरी.

मूलमार्गे मी सिंदेवाही तालुक्यात शिरले. इथे रस्त्याला तलाव लागतात, माजी मालगुजारी तलाव. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्या पाण्यावर हा सगळा भाग धान पिकवतो. याच तालुक्यात लाडबोरी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत्या ठिपक्यांची रांग सरकताना महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांनी पाहिली. थोड्याच वेळात लाडबोरीतल्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. कोणालाही इजा झाली नाही. पुढच्या दिवसांत परिसरात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या अग्निबाणाचा वरचा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहून शेवटी वातावरणात शिरला आणि त्याचे हे अवशेष, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहून गेले. अग्निबाणाचा बहुतेक भाग येताना जळून जातो. पण इंधनटाक्यांचे गोळे आणि जाड कडी उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून तेवढी जमिनीपर्यंत पोहोचतात.

कडे पोलिसांनी उचलून नेले. गावात आता पाहण्यासारखे काही नाही, तरी मी गेले, कारण मला ती जागा पाहायची होती. एका काकाजींनी ती दाखवली. घरांच्या इतक्या जवळ आहे की अंगावर काटा आला. ‘सणाचा दिवस होता जी, सगळे गावातच होते,’ एवढेच ते म्हणाले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कचऱ्याची चर्चा परिषदांत होते. त्या चर्चेचे खरे टोक हे, आठ-दहा पावलांवरचे कवेलूचे घर.

तिथून नागभीड तालुक्यातले नांदेड गाव फार लांब नाही. मराठवाड्यातल्या नांदेडच्या नावाखाली हे गाव झाकून जाते. पण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत शिजणारा एचएमटी तांदूळ या गावचा आहे. दादाजी रामजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांच्या ‘पटेल ३’ जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या रंगाच्या, बारीक दाण्याच्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. धानाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एकदा आलेला वेगळेपणा नीट निवड करत गेल्यास काही पिढ्यांत स्थिर होतो. दादाजींना हे पुस्तकातून कळले नव्हते, बांधावर बसून कळले होते. तयार झालेला बारीक, चवदार तांदूळ बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे हा वाद दादाजींच्या अखेरपर्यंत मिटला नाही. माझ्या मते तो वाद नसायलाच हवा होता. ३ जून २०१८ रोजी ते गेले. राष्ट्रीय पुरस्कार, ‘फोर्ब्स’च्या यादीत नाव, आणि शेवटच्या आजारात उपचारांसाठी पैशांची चणचण, हे सगळे एकाच आयुष्यात झाले. एचएमटी, डीआरके, नांदेड-चिन्नोर आणि आणखी काही अशी त्यांनी निवडलेली वाणे आजही पेरली जातात. चैत्रात बांध्या कोरड्या होत्या. जून-जुलैत रोवण्याच्या वेळी यायला हवे, असे मनाशी ठरवून मी ब्रह्मपुरीकडे निघाले.

ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा पूल येतो. पलीकडे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला, पाऊण भागाहून अधिक जंगलाने झाकलेला. पूल उतरताच वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी आहे. राजधानी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. भाऊबीजेपासून होळीच्या पुढेपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या गावागावांत रात्री नाटके होतात. ती करणाऱ्या पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांची कार्यालये इथे आहेत. एका रस्त्यावर एकामागून एक गाळे, प्रत्येकावर रंगीत फलक, फलकांवर रडणारी आई, पिस्तूल धरलेला मुलगा, मंगळसूत्र, पोलीस. गावचे लोक येतात, तारीख ठरवतात, विसार देतात. मंडई, म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट असेल त्या रात्री नाटक हवेच. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. २०१४ साली त्यावर बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि पटाबरोबरचे नाटकही पुन्हा जोरात आले.

हंगामाचा शेवट असूनही मला एक प्रयोग मिळाला. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडला तो पहाटेच पडला. मंचासमोर वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. संवादाच्या मध्ये गाणे, गाण्याच्या मध्ये नाच, नाचाच्या मागोमाग असा काही करुण प्रसंग की शेजारच्या मावशी पदराने डोळे पुसू लागल्या. पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांनी याला बटबटीत म्हणून बाजूला सारले आहे. त्यांनी एकदा हा मांडव पाहावा. हजारो माणसे तिकीट काढून, घरून गोधडी आणून, थंडीत रात्रभर नाटक पाहतात. सरकारी अनुदानाशिवाय एवढा प्रेक्षक मराठी रंगभूमीला आज दुसरीकडे कुठे आहे? २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेल्या या नटाच्या निमित्ताने दिल्लीला झाडीपट्टीचे नाव कळले.

आरमोरीला कोसा पाहिला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्या जंगलात रेशीमकिडे वाढवतात, धिवर समाजाची माणसे दिवसभर गोफण घेऊन पाखरे हाकतात. जवळच्या वैरागडच्या किल्ल्यात थोडा वेळ थांबले. येथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. आता तिथे झुडपे आहेत आणि खंदकात पाणी.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा गाव. गावाच्या तोंडाशी लिहिले आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. घोषणा भारतभर गाजली, पण तिच्यामागचे काम पाहायला फार थोडे जण थांबतात. हे गोंडांचे छोटे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने ठरवले की निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, अभ्यास गटात बसून पुन्हा समजून घ्यायचा. वेळ लागतो. पण एकदा ठरले की मोडणारा कोणी उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचा मार्ग उघडताच २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतःच्या सहीने विकणारे हे देशातले पहिले गाव. बांबू झाड नाही, हे कायद्यात यायला २०१७ उजाडले. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचून गेलात तर तिथल्या प्रत्येक ओट्याला अर्थ येतो.

मी गेले तेव्हा गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, सावलीत चार-पाच जण बसले होते. ‘जोहार’ म्हटले, बसायला जागा मिळाली. पाहुण्याने इथे फोटोसाठी धावाधाव करू नये. तास-दीड तास नुसते बसावे. त्या दिवशी बोलणे तेंदूपत्त्याच्या लिलावाचे चालले होते आणि ग्रामसभेचा हिशेब एक तरुण मुलगी वाचून दाखवत होती.

चामोर्शीहून मार्कंड्याला वळले. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून हे क्षेत्र. काठावर कोटाच्या आत मंदिरांचा समूह, मधले मार्कंडेश्वराचे. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगांवर रांगा: सुरसुंदरी, दिक्पाल, शिवाची नाना रूपे, पाने-फुले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात येथे येऊन नोंदी केल्या. त्याआधी कधी तरी वीज पडून मुख्य शिखर कोसळले होते. ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणण्याची प्रथा आहे, मला ती आवडत नाही. मार्कंड्याला कोणाच्या नावाचा टेकू नको. जीर्णोद्धाराचे काम अनेक वर्षे रेंगाळले आहे, आणि उतरवलेल्या दगडांकडे पाहून ते लवकर पुरे व्हावे अशी तळमळ वाटते.

आष्टीच्या पुढे रस्त्याचे रूप पालटते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज उचलणारे ट्रक रांगेने येतात, लाल धूळ झाडांच्या पानांवर बसते. खाणीने रोजगार आला हे खरे. सुरजागडचा पहाड माडिया-गोंडांच्या ठाकुरदेवाचा आहे, हेही तितकेच खरे, आणि ही दुसरी गोष्ट मोजण्यासाठी कोणत्याही अहवालात रकाना नसतो.

आलापल्लीत पेट्रोल भरून घ्यावे, पाणी घ्यावे, घरी फोन करून घ्यावा. पुढे रेंजचा भरवसा नाही. इथले साग ब्रिटिश काळापासून नावाजलेले. भामरागडच्या रस्त्यावर जंगलाचा सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा कधीच न तोडता राखला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने तो २०१४ साली राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाला. आत शिरले की उन्हाचा भपका एकदम मागे राहतो. बाकीच्या रस्त्यावर सरळसोट, एका वयाचे साग पाहून आपण त्याला जंगल म्हणत होतो. इथे सागाबरोबर ऐन, बिजा, बेहडा, आणि उंचावर चढलेले जाड वेल आहेत. जंगल असे असते हे कळायला हा तुकडा पुरेसा आहे.

हेमलकशाला अर्धा दिवस होते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प मराठी वाचकाला ठाऊक आहे. तीन किलोमीटरवर भामरागड, तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती मिळतात. एकेकाळी पोलीस बंदोबस्ताशिवाय नाव न घेतले जाणारे हे रस्ते आता उघडत आहेत. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी मार्गावर पहिल्यांदा एसटी धावली. तरी एकट्या प्रवाशाने अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे, आणि कुठल्याही पोलीस मदत केंद्रावर थांबवले तर कुठून आलो, कुठे चाललो हे मोकळेपणाने सांगावे.

आलापल्लीहून सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर. रस्ता खराब आहे, वेळ दुप्पट धरावा. वाटेत कमलापूरला राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प. लाकूड ओढण्यासाठी ठेवलेल्या हत्तींचा वंश आता तळ्याकाठी निवांत आहे. सिरोंचा जवळ येईल तसे फलक तेलुगूत होतात, खानावळीत भाताबरोबर पप्पू, म्हणजे वरण, येतो, ताईचे ‘अक्का’ होते. १८७४ पर्यंत हे ब्रिटिशांच्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते.

सिरोंचा तालुक्यात वडधम हे गाव आहे, आणि तिथे जीवाश्म उद्यान. कुंपणाच्या आत जमिनीवर खोडे पडलेली, साल दिसते, गाठी दिसतात, हात लावला तर दगड. झाड पडल्यावर लगेच गाळाखाली गाडले गेले, कुजण्याआधी पाण्यातली सिलिका पेशीपेशीत शिरली आणि लाकडाच्या जागी दगड भरत गेला. प्राणहितेचे हे खोरे ज्युरासिक काळातल्या गाळाचे आहे. नदीकाठच्या कोटा गावावरून या थराला भूशास्त्रात ‘कोटा’ हेच नाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच इथल्या चुनखडीतले मासे अभ्यासले. याच खोऱ्यातल्या पोचमपल्लीत एका भल्या थोरल्या डायनोसॉरची हाडे मिळाली. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हे उत्खनन झाले, म्हणून १९७५ साली त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले.

उद्यानात माझ्याशिवाय कोणी नव्हते. राखणदाराने एकेक खोड दाखवले, मग आपल्या घरातल्यासारखा आग्रह केला: पावसाळा संपल्यावर या, नाले धुऊन निघाले की नवे दगड उघडे पडतात, तेव्हा बघण्यासारखे जास्त असते. मला त्याला विचारायचे होते ते विचारले: शाळांच्या सहली येतात का? येतात, तो म्हणाला, पण तेलंगणातून जास्त. सिरोंच्याचा पूल झाल्यापासून त्यांना हे जवळ पडते, आपल्या पोरांना ताडोबा दाखवायला नेतात.